कोळ्यांचा भाष्यकार अलेक्झांडर पेट्रुंकेविच

टॅरॅंटुला जातीच्या केसाळ कोळ्याचे पिलू घरी आणणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो हा नर की मादी, असा. प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. मादी वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते. नर मात्र वयात आल्यावर बहुधा वर्ष-दोन वर्षांतच मरतो. बाल्यावस्थेत दोघेही सारखेच दिसतात. कोळ्यांच्या शरीररचनेचा व समागमाचा अभ्यास करण्यात ज्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ वेचला, त्या प्रा. अलेक्झांडर पेट्रुंकेविच यांचे चरित्र या निमित्ताने आठवावे असे आहे.

त्यांचा जन्म १८७५ साली तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आजच्या युक्रेनमधील प्लिस्की या गावी झाला. वडील इव्हान पेट्रुंकेविच हे झारशाहीचे विरोधक, उदारमतवादी पुढारी होते. त्यापायी १८७९ मध्ये त्यांना हद्दपारी भोगावी लागली. अलेक्झांडर यांनी मॉस्को येथे व नंतर जर्मनीतील फ्रायबर्ग येथे ऑगस्ट वाइसमान यांच्या हाताखाली अध्ययन केले. त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधनही लिंगनिश्चितीविषयीच होते. नर मधमाशी अफलित अंड्यातून जन्मते, हा योहान झिएर्झोन यांचा सिद्धान्त तेव्हा वादात सापडला होता. पेट्रुंकेविच यांनी अंड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी त्या सिद्धान्ताला बळ दिले.

पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९१० मध्ये येल विद्यापीठात रुजू झाले. १९११ साली अमेरिकेतील कोळ्यांची त्यांची विस्तृत सूची प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी एका टॅरॅंटुला जातीची दृष्टी, प्रणयाराधन व समागम यांवरील त्यांचा निबंधही आला. या कोळ्याला आठ डोळे असूनही त्याची दृष्टी अधू असते व जोडीदाराची ओळख प्रामुख्याने स्पर्शाने पटते, हे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. समागमाच्या वेळी नर पुढच्या पायांवरील आकड्यांनी मादीचे विषदंत अडवून धरतो. हे आकडे आणि पादमृशांच्या टोकाशी असलेले शुक्रवाहक कंद नराच्या शेवटच्या कातीनंतरच प्रकट होतात.

मग पिलाचे लिंग ओळखावे कसे? उत्तर त्याने टाकलेल्या कातीत असते. कात पाण्याने मऊ करून उदराचा भाग हळुवारपणे उलगडला, तर पुस्तक-फुप्फुसांच्या पुढच्या जोडीच्या मध्ये मादीची शुक्रग्राहिका, म्हणजे शुक्राणू साठविणारी लहानशी पिशवी, दिसते. नराच्या कातीत ती नसते. पिलू फार लहान असेल तर सूक्ष्मदर्शकाविना हा भेद कळत नाही. अगदी कोवळ्या पिलाबाबत पुढच्या कातींची वाट पाहणेच श्रेयस्कर. शरीराच्या अंतर्रचनेला किती महत्त्व द्यावे, हे पेट्रुंकेविच यांनी जाणले होते. १९३३ साली त्यांनी कोळ्यांच्या वर्गीकरणाची चिकित्सा अंतर्गत रचनेच्या आधारेच केली.

१९४४ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. अंबरात कोट्यवधी वर्षे बंदिस्त राहिलेल्या कोळ्यांचा अभ्यास त्यांनी नेटाने केला. १९५२ मधील त्यांच्या एका लेखात, टॅरॅंटुलाला डंख मारून निश्चल करणाऱ्या व त्याच्या देहावर अंडे घालणाऱ्या गांधीलमाशीचे चित्रण आहे. सामान्य वाचकांतही तो लेख गाजला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. टोपणनावाने काव्यलेखन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने पुश्किनचे इंग्रजीत व बायरनचे रशियनमध्ये भाषांतरही केले.

१९६४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या जीवाला पाहताच माणूस चप्पल उगारतो, त्याच्याकडे त्यांनी आयुष्यभर निर्भयपणे व आदराने पाहिले. कोळ्याने टाकलेली कात फेकून देण्याआधी ती एकदा भिंगाखाली धरणारा प्रत्येक पाळक नकळत त्यांच्याच वाटेने चालत असतो.