लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र, अण्णांचं बोर्डिंग

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या कामानिमित्त मी वस्त्यांवर फिरते. आई कुठल्याही जातीधर्माची असो, निकाल लागला की तिची काळजी एकच. पोरगं हुशार आहे, पण पुढं शिकवायचं कसं? अशा वेळी मी तिला कर्मवीर भाऊराव पाटलांची हकीकत सांगते.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. घराणं जैन, म्हणजे संख्येनं लहान समाजातलं. कोल्हापूरला शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना स्वतःच्याच समाजाच्या बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबलं. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकले. त्या फिरतीत खेड्यातली हुशार पण गरीब मुलं त्यांनी जवळून पाहिली.

१९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका पंगतीला बसायची. स्वयंपाक, पाणी, शेतीकाम सगळं मुलंच करायची. फुकटचं खाल्ल्याची लाज मनात राहू नये, हा त्यामागचा विचार. १९२७ साली गांधीजी हे बोर्डिंग पाहायला आले होते.

पण या पंगतीमागची बाई आपण विसरतो. लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या, तरी सगळ्या जातींची मुलं त्यांनी पोटच्यासारखी सांभाळली. दागिने एकेक करून गेले. एकदा घरात धान्य नव्हतं, तेव्हा त्या माउलीनं मंगळसूत्रही काढून दिलं. १९३० साली त्या गेल्या. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

याच बोर्डिंगातले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अण्णा १९५९ साली गेले, पण कमवा आणि शिका ही योजना रयतच्या कॉलेजांत आजही आहे.

म्हणून सांगते, निकालाच्या दिवशी पेढे वाटा, पण शेजारच्या लेकराच्या फॉर्मची, राहण्याची, डब्याची चौकशीही करा. मंगळसूत्र कुणी मागत नाही. एका ताटाची सोय मात्र आपल्याला जमेल.