दक्षिण ध्रुवावर गेलेले कॅप्टन स्कॉट

गुरुजींनी थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. मी इंग्लंडच्या आरमारातले कॅप्टन रॉबर्ट स्कॉट निवडले. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला आहेत. त्यांना वाटलं, शर्यत हरलेल्या माणसाचं कशाला लिहायचं?

स्कॉट यांचा जन्म ६ जून १८६८ रोजी डेव्हनपोर्ट या बंदराच्या गावी झाला. तेराव्या वर्षीच ते आरमाराच्या शिक्षण-जहाजावर दाखल झाले. पुढे घरची परिस्थिती बिघडली. १८९७ मध्ये वडील वारले आणि आई-बहिणींची काळजी त्यांच्यावर आली.

१९०१ मध्ये ते ‘डिस्कव्हरी’ जहाज घेऊन अंटार्क्टिकाला गेले. त्याआधी कुणी गेले नव्हते इतके ते दक्षिणेला पोचले. १९०४ मध्ये परत आल्यावर ते कॅप्टन झाले.

१९१० मध्ये ते ‘टेरा नोव्हा’ जहाजाने पुन्हा निघाले. ध्रुव गाठायचा आणि शास्त्रीय अभ्यासही करायचा, असा बेत होता. पण मोटारगाड्या बिघडल्या, तट्टे थकली. शेवटी माणसांनीच सामानाच्या गाड्या ओढल्या. १७ जानेवारी १९१२ रोजी पाच जण ध्रुवावर पोचले. पाहतात तो काय, तिथे नॉर्वेचा झेंडा! अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ लाच येऊन गेले होते.

परतताना एडगर इव्हान्स वारले. ओट्स यांचे पाय हिमदंशाने निकामी झाले. आपल्यामुळे सोबत्यांना उशीर नको, म्हणून ते वादळात तंबूबाहेर निघून गेले. उरलेले तिघे मार्चअखेर तंबूतच वारले. अन्नाचा मोठा साठा तिथून फक्त वीस किलोमीटरवर होता. तो आधी आणखी दक्षिणेला ठेवायचा होता, पण तट्टे दमल्यामुळे अलीकडेच ठेवावा लागला. शिवाय सामान चौघांच्या हिशोबाने बांधलेले आणि स्कॉटनी ऐन वेळी पाचवा माणूस घेतला. ही त्यांची चूकच झाली, असे मला वाटते.

नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधायला गेलेल्यांना तो तंबू सापडला. तिथे सुमारे सोळा किलो दगड होते! अंगात त्राण नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या फार प्राचीन झाडाच्या पानांचे ठसे निघाले. त्याच झाडाचे ठसे भारतात गोंडवन काळातल्या कोळशाच्या थरांत सापडतात. आपल्या चंद्रपूरकडचा कोळसा त्याच काळातला. अंटार्क्टिका आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा तो एक पुरावा ठरला.

हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की उद्यापासून कोळशाबरोबर निघणारा दगड ते उलटून बघतील. पानाचा ठसा मिळाला, तर मी तो या भित्तिपत्रकाखाली ठेवीन.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी