करोनाविषाणूचा मुकुट पाहणाऱ्या जून अल्मेडा

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९३० साली एका बसचालकाच्या घरी जन्मलेल्या जून हार्ट यांना पैशांअभावी सोळाव्या वर्षीच शिक्षण सोडावे लागले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाची विद्या आत्मसात केली. चित्रकार एन्रिके अल्मेडा यांच्याशी विवाह झाल्यावर त्या कॅनडाला गेल्या आणि टोरांटोत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करू लागल्या.

इतर कणांच्या गर्दीत विषाणू ओळखणे अवघड असते. संसर्गातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वापरून अल्मेडा यांनी ही अडचण दूर केली. प्रतिपिंडे नेमक्या त्याच विषाणूला चिकटतात, त्याचे पुंजके होतात आणि ते ठळक दिसतात. शरीराची प्रतिकारशक्तीच अशा रीतीने संशोधनाची वाटाडी झाली.

१९६४ साली त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आल्या. डेव्हिड टायरेल यांनी धाडलेल्या सर्दीच्या नमुन्यात त्यांना मुकुटासारखी प्रभावळ असलेला विषाणू दिसला. तशाच विषाणूंवरील त्यांचा आधीचा निबंध, ही इन्फ्लुएन्झाची सदोष छायाचित्रे असल्याचे सांगून नाकारला गेला होता. १९६८ साली ‘करोनाविषाणू’ हे नाव जाहीर झाले.

२०२० साली ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर कोविडचे उपचार झाले, ते याच रुग्णालयात. अल्मेडा यांचे निधन २००७ सालीच झाले होते.