योहानेस श्टाइनहोफ: पडणाऱ्या विमानांचा प्रश्न हाती घेणारा पायलट

एखादं अ‍ॅप सारखं क्रॅश झालं की आपण ते अनइन्स्टॉल करून मोकळे होतो. पण शेकडो फायटर विमानं विकत घेतलीत आणि ती एकामागून एक पडतायत, तर काय करायचं? १९६६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हवाई दलापुढे हाच प्रश्न होता. तो येऊन पडला योहानेस श्टाइनहोफ यांच्या गळ्यात.

श्टाइनहोफ यांचा जन्म १९१३ चा. दुसऱ्या महायुद्धात ते हिटलरच्या हवाई दलात फायटर पायलट होते. १७६ विमानं पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. १९४५ च्या सुरुवातीला हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याच्या कारभाराविरुद्ध काही अधिकाऱ्यांनी तोंड उघडलं, त्यात तेही होते. त्याच वर्षी १८ एप्रिलला टेकऑफ करताना त्यांचं मी-२६२ जेट कोसळून पेटलं. जीव वाचला, पण चेहरा भयंकर भाजला. त्या खुणा शेवटपर्यंत राहिल्या.

१९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीने नवं हवाई दल उभारलं आणि श्टाइनहोफ परत वर्दीत आले.

आता त्या विमानाबद्दल. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं एफ-१०४ स्टारफायटर. आवाजाच्या दुप्पट वेग, आखूड आणि पातळ पंख. मूळ डिझाइन एकाच कामासाठी होतं: झटकन वर चढून शत्रूचं विमान गाठायचं. जर्मनीने मात्र त्याच्यावर कमी उंचीवरून बॉम्बहल्ला, अणुबॉम्ब नेणं, कुठल्याही हवामानात उडणं असं सगळं लादलं. वजन वाढलं, यंत्रणा किचकट झाली. पायलट शिकायचे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, लख्ख उन्हात. घरी आल्यावर समोर ढग आणि धुकं. त्यात अनुभवी मेकॅनिक कमी. लोक या विमानाला विधवा करणारं विमान म्हणू लागले. आधीचे प्रमुख पानित्स्की यांनी या खरेदीवर उघड टीका केली आणि त्यांना पद सोडावं लागलं.

सप्टेंबर १९६६ मध्ये श्टाइनहोफ प्रमुख झाले. त्यांनी विमान भंगारात काढलं नाही. प्रत्येक अपघात पायलटच्या चुकीवर ढकलण्याऐवजी त्यांनी पूर्ण सिस्टीमच तपासायला घेतली. ट्रेनिंग सुधारलं, मेंटेनन्सला शिस्त लावली. जुनी इजेक्शन सीट कमी उंचीवर भरवशाची नव्हती, म्हणून मार्टिन-बेकर कंपनीची सीट बसवली गेली. अपघातांचं प्रमाण खाली आलं.

पण थांबलं नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीने घेतलेल्या ९१६ स्टारफायटरपैकी जवळपास ३०० विमानं शेवटपर्यंत नष्ट झाली आणि शंभराहून जास्त पायलट गेले.

श्टाइनहोफ पुढे १९७१ ते १९७४ नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष होते. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आम्हा इंजिनिअर लोकांना काही बिघडलं की चूक युजरची म्हणून फाइल बंद करायची फार घाई असते. त्या वेळी मला हा भाजलेल्या चेहऱ्याचा जनरल आठवतो.