क्षयाचे जंतू, गायीचे दूध आणि डॉ. कॉख

धार काढता काढता पोराच्या हातात धारोष्ण दुधाचा पेला द्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. अंगाला लागतं, म्हणतात. तो पेला देण्याआधी एका जर्मन डॉक्टरांची हकीकत वाचा. माणूस फार मोठा, आणि त्यांची एक चूकही तेवढीच मोठी.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी क्लाउस्थाल या खाणीच्या गावी झाला. १८६६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १८७२ मध्ये वोल्स्टाइन या आडगावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या भागात मेंढ्या आणि गुरं फाशी रोगानं मरत. कॉख यांच्याकडे ना प्रयोगशाळा, ना मदतनीस. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. फाशीचा जंतू बीजाणू बनून मातीत वर्षानुवर्षे तग धरतो, हे त्यांनी १८७६ मध्ये दाखवलं. फाशीनं मेलेलं जनावर फाडू नका, असं आपण आजही सांगतो, त्याचं मूळ हे.

पुढे ते बर्लिनला गेले. त्या काळी तिकडे दर सात मृत्यूंत एक क्षयाचा मानला जाई, आणि हा रोग घराण्यातूनच येतो अशी समजूत होती. कॉख यांनी जंतूला रंग देऊन तो डोळ्यांना दाखवला, काचनळीत वाढवला, गिनीपिगला टोचून त्यात क्षय उत्पन्न केला. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी हे जाहीर केलं. तोच दिवस आज जागतिक क्षयरोग दिन आहे.

१८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे औषध त्यांनी पुढे आणलं. रोगी आशेनं धावले, पण गुण आला नाही. मात्र तेच ट्युबरक्युलिन तपासणीला उपयोगी ठरलं. आजही ते गुराच्या कातडीत टोचतात आणि ७२ तासांनी सूज मोजतात. १८९६-९७ मध्ये कॉख यांनी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम केलं. १८९७ मध्येच प्लेगच्या अभ्यासासाठी ते आपल्या मुंबईलाही आले होते.

आता चुकीकडे येऊ. जसे ज्वारीचे वाण, तसे क्षयाच्या जंतूचेही. माणसाचा वेगळा, गायीचा वेगळा. अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये हा फरक मांडला होता. गायीचा जंतू सशाला जहाल असतो, माणसाचा तेवढा नसतो. कॉख यांनी माणसाचे जंतू वासरांना दिले, ती आजारी पडली नाहीत. तेवढ्यावरून १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, की गायीच्या दुधापासून माणसाला फारसा धोका नाही. माणसाचा जंतू गायीला बाधत नाही, म्हणून गायीचा माणसाला बाधणार नाही, हे कुठलं गणित? पण सांगणारा माणूस मोठा! दुधावर बंधनं नको असणाऱ्यांना आयतंच हत्यार मिळालं.

ब्रिटिश सरकारनं त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला. गायीचा जंतू दुधातून माणसात, विशेषतः लहान मुलांत, जातो, असा निष्कर्ष निघाला. कॉख यांना १९०५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. २७ मे १९१० रोजी ते वारले. आयोगाचा शेवटचा अहवाल १९११ मध्ये आला.

माणसाचा क्षय मुख्यतः खोकल्यातून, हवेतून पसरतो. गायीचा जंतू कोंदट गोठ्यात श्वासातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, आणि कच्च्या दुधातून आपल्या घरात येतो. मुलांत मानेच्या गाठी, पोटाचा किंवा हाडांचा क्षय होऊ शकतो. शिवाय पायराझिनामाइड हे क्षयावरचं नेहमीचं औषध या जंतूवर चालत नाही.

तेव्हा दूध चांगली उकळी आल्याशिवाय कुणाला देऊ नका. गोठ्यात हवा खेळू द्या. जनावर खंगत असेल, खोकत असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून ट्युबरक्युलिन चाचणीबद्दल विचारा. घरात कुणाला क्षय झाला, तर घरी गुरं आहेत आणि कच्चं दूध प्यायलं जातं, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. कॉख यांच्याकडून जंतू ओळखायला शिकलो. त्यांच्या चुकीवरून एवढं शिकू, की सांगणारा कितीही मोठा असो, दूध मात्र उकळूनच प्यावं.