भाऊंचा निरोप

सदाशिव पेठ म्हटलं की बाहेरगावच्या मैत्रिणींना आमच्या पाट्या आणि दुपारची झोप तेवढी आठवते. चालायचंच! पण ज्यांच्या स्मरणार्थ माधवराव पेशव्यांनी १७६९ च्या सुमारास ही पेठ वसवली, ते सदाशिवरावभाऊ मला परवा भलत्याच निमित्तानं आठवले. एका आजींच्या घरातल्या कॅमेऱ्यामुळे.

या आजी एकट्याच राहतात. मुलगा परदेशात. त्यानं काळजीपोटी काडेपेटीएवढा कॅमेरा त्यांच्या खोलीत बसवलाय. आजींनी मला हळूच विचारलं, मुलगा बघतो ते ठीक, पण वाटेत आणखी कुणी बघत असेल तर? मला काही उत्तर देता येईना. शेजारची इंजिनिअर मुलगी अशीच छोटी यंत्रं बनवते, तिला गाठलं. ती समजावत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं पानिपत!

भाऊ म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव, थोरल्या बाजीरावांचे पुतणे. जन्म १७३० चा, सासवडचा. महिन्याच्या आतच आई रखमाबाई गेल्या, दहा वर्षांचे असताना वडीलही गेले. आजी राधाबाईंनी नातवाला वाढवलं. १७४६ मध्ये कर्नाटकची पहिली स्वारी, पुढे पुण्याचा कारभार. हिशेबाला पक्के आणि स्वभावानं कडक. अशी माणसं कामाला चोख असतात, पण लोकांना जड जातात, हे आपणही घरोघरी बघतोच.

फेब्रुवारी १७६० मध्ये त्यांनी उदगीरला निजामाला नमवलं आणि लगोलग अब्दालीला रोखायला उत्तरेत निघाले. बरोबर नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव होता आणि भाऊंची पत्नी पार्वतीबाईही होत्या. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. पण त्याच महिन्यात अब्दाली यमुना उतरून भाऊ आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. रसद तुटली, तशी पत्रांची वाटही तुटली. जासूद आणि सांडणीस्वार हेच तेव्हाचं टपाल, आणि वाट शत्रूच्या मुलखातून! इकडे नानासाहेबांना खरी परिस्थिती कळेना. भाऊंच्या हट्टाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र ही निरोपांची उपासमार अन्नाच्या उपासमारीइतकीच घातक वाटते.

१४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं. नानासाहेब मदतीला उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचा कासीद लागला. त्याच्याजवळच्या पत्रात व्यापारी भाषेत दोन मोत्यांचं, सत्तावीस मोहरांचं आणि अगणित रुपये-खुर्द्याचं नुकसान कळवलं होतं. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. त्या बापाला काय वाटलं असेल! जूनमध्ये पर्वतीवर त्यांनीही प्राण सोडला.

शाळेत आपण हे सांकेतिक पत्र कौतुकानं शिकतो. पण ती मुलगी म्हणाली, काकू, पत्र दुसऱ्याचंच होतं ना? मधल्या माणसानं ते फोडलं आणि त्याला अर्थही लागला, मग ते गुप्त कुठे राहिलं? खरंच की! हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तिच्या भाषेत यंत्राचं इंटरनेटशी बोलायचं दार म्हणजे सॉकेट (विजेचं नव्हे बरं का). त्या दारातून चित्र उघडं पाठवलं तर वाटेत कुणीही बघेल. म्हणून टीएलएस नावाची पद्धत वापरतात. आधी दोन्ही टोकं मिळून एक किल्ली ठरवतात. मजा म्हणजे ती किल्ली स्वतः वाटेनं कधी जातच नाही. मग पुढचा प्रत्येक शब्द तिनं बंद होतो. फोनला हे सोपं. पण छोट्या चिपची मेमरी चिमूटभर. ती वापरते त्या ईएसपी-३२ मध्ये अर्ध्या एमबीच्या आसपास. तेवढ्यातही हे बसवता येतं.

अवघड पुढचंच आहे. पलीकडचा खरा कोण, हे ओळखायला तो सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र दाखवतो. शिक्का तपासायला खऱ्या शिक्क्याचा नमुना चिपजवळ हवा, आणि मुदत बघायला आजची तारीखही हवी. ही कटकट नको म्हणून काही बनवणारे तपासणीच बंद ठेवतात. कुलूप लागतं, पण किल्ली कुणाशी ठरवली याचा पत्ता नाही! आजींच्या परवानगीनं तिनं आपला लॅपटॉप मधे घातला आणि घरी बनवलेलं खोटं प्रमाणपत्र पुढे केलं. कॅमेऱ्यानं ते मुकाट्यानं घेतलं. लॅपटॉपवर आजींची खोली दिसायला लागली, पलंगासकट. आम्ही तिघीही गप्प झालो.

भाऊंच्या नावावरही असंच कुलूप उघडलं गेलं होतं. ते रणात पडले तरी मृत्यूबद्दल लोकांची खात्री पटेना. मग एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून उभा राहिला. माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो कैदेत पडला. पण पुढे रत्नागिरीच्या सुभेदारानंच त्याला सोडवलं आणि कोकणात त्याच्यामागे फौज जमली. शेवटी पकडून पुण्यात आणला आणि १७७६ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक यावरच आहे.

या सगळ्यात मला पार्वतीबाई दिसत राहतात. रणातून निसटल्या, सूरजमल जाटानं आसरा दिला, कशाबशा परतल्या. नवरा गेला हे त्यांनी कधी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. आणि दारात त्याच्या नावानं परका उभा! १७८३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा कुठे भाऊंचेही अंत्यविधी झाले.

आजींनी हे सारं ऐकून घेतलं, उठल्या आणि कॅमेऱ्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. नवीन कॅमेरा मुलगा आणेल, पण आधी तो या मुलीकडे तपासायला जाणार आहे.