भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. परंतु प्रजासत्ताक होण्यास अद्याप अवकाश होता. नवी राज्यघटना अंमलात येईपर्यंत इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज हेच कायद्याने भारताचेही राजे होते. त्यांचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीस गव्हर्नर जनरल असत. लॉर्ड माउंटबॅटन यांच्यामागून, २१ जून १९४८ रोजी, या पदावर प्रथमच एका भारतीयाची कायम नेमणूक झाली. ते म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, अर्थात सर्वांचे राजाजी.

राजाजींचा जन्म १८७८ साली तमिळ मुलखातील थोरापल्ली या खेड्यात झाला. सेलम येथे वकिलीत त्यांचा चांगला जम बसला होता; परंतु गांधीजींची हाक येताच त्यांनी तिच्यावर पाणी सोडले. १९३० साली दांडीयात्रेपाठोपाठ त्यांनी सत्याग्रहींची एक तुकडी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमच्या समुद्रकिनारी पायी नेली. तेथे मिठाचा कायदा मोडल्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला.

ज्या राजसत्तेने त्यांना तुरुंगात टाकले, तिचेच प्रतिनिधित्व राजाजींनी कसे पत्करले? याचे कारण असे, की पदाचे नाव जुने असले तरी त्याचा अर्थ पालटला होता. पूर्वीचे गव्हर्नर जनरल लंडनच्या सरकारला जबाबदार असत. येथील जनतेला ते जाब देत नसत. राजाजींची नेमणूक राजाने केली, तीच मुळी भारत सरकारच्या सल्ल्याने. कायद्यांना संमती देणे, अधिकारपदांची शपथ देणे ही कामे राजाच्या नावाने होत. निर्णय मात्र लोकांच्या मंत्रिमंडळाचा असे. खादीधारी राजाजींनी ही मर्यादा कटाक्षाने पाळली.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा राजाजींनी स्वतः वाचून दाखविली. त्यानंतर डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि गव्हर्नर जनरलचे पद कायमचे संपले.

राजाजींना सर्वोच्च आसनाचा मोह नव्हता. त्याच वर्षी ते पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, आणि १९५२ साली मद्रासचे मुख्यमंत्री. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २५ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. पद लहान की मोठे हे त्यांनी कधी पाहिले नाही; त्या पदावरून देशाचे कोणते काम होईल, एवढेच पाहिले.